नर्सरी परिषदेला जाताना स्वतःचे आकडे सोबत घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: मध्यम आकाराची रोपवाटिका आहे, शोभेची झुडपं आणि फळझाडांची कलमं दोन्ही होतात, आणि नर्सरी व उद्यान व्यवसायाच्या एका मोठ्या परिषदेला पहिल्यांदाच जायचा विचार चालू आहे. काम सोडून, नोंदणी आणि प्रवासाचा खर्च करून जाण्यासारखं तिथं काही असतं का? गेलं तर काय पाहायचं, आणि एकट्यानं जायचं की कोणाला सोबत न्यायचं?

जा. पण जाण्याआधी आपल्या नर्सरीचे आकडे एका वहीत उतरवून घ्या. इतकी वर्षं परिषदांना जाऊन, तिथं बोलून आणि ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. तिथून तुम्ही काय घेऊन येणार हे वक्त्यांपेक्षा तुमच्या त्या वहीवर जास्त अवलंबून असतं. ज्याला आपल्या पाण्याचा सामू (पीएच) माहीत नाही, कुठल्या टप्प्यावर किती रोपं मरतात हे माहीत नाही, त्याला प्रत्येक व्याख्यान छान वाटतं आणि घरी आल्यावर त्यातलं काहीच लागू करता येत नाही.

वहीत काय असावं? पहिली गोष्ट मरतुकीची, आणि तीही टप्प्यांनुसार. 'शंभरातली वीस रोपं गेली' या नोंदीतून काही कळत नाही. छाट कलमांना, म्हणजे मुळं धरायला लावलेल्या फांदीच्या तुकड्यांना, मुळं फुटण्याआधी किती गेली, मिस्टमधून, म्हणजे पाण्याच्या बारीक तुषारांतून, बाहेर काढून कणखर करताना किती गेली, मोठ्या पिशवीत किंवा कुंडीत बदलल्यावर किती गेली, आणि विक्रीला तयार होऊनही दर्जा नाही म्हणून किती मागं पडली, हे वेगवेगळं हवं. मुळं फुटण्याआधीची मर मातृवृक्षांची अवस्था, छाट घ्यायची वेळ, स्वच्छता आणि तळाचं तापमान यांच्याकडे बोट दाखवते. कुंडी बदलल्यानंतरची मर बहुतेक वेळा माध्यम (कुंडीत भरलेलं मिश्रण), पाणी आणि जुन्या मुळांच्या अवस्थेशी जोडलेली निघते. हे वेगळं केलं की कार्यक्रमपत्रिकेतली कुठली दोन-तीन सत्रं तुमची आहेत हे आपोआप ठरतं.

दुसरी गोष्ट पाण्याचा तपासणी अहवाल. सामू आणि ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) बहुतेक जण पाहतात, पण क्षारता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, पाहत नाहीत. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर रोज पाणी घालता घालता माध्यमाचा सामू चढत जातो. लोह माध्यमात असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मृदू पाण्यावर काम करणारा वक्ता 'आम्ही सामू ५.८ ला धरून ठेवतो' असं म्हणेल आणि त्याच्याकडे ते सहज होतही असेल. तुमच्या पाण्यावर तेच साधायला आम्ल सोडण्याची व्यवस्था लागेल. ही तफावत तुम्हाला तिथंच लक्षात यायला हवी, आणि अहवाल हातात असेल तरच ती येते.

कुंडीतल्या माध्यमाची ईसी कशी मोजायची हेही जाण्याआधी शिकून घ्या. झाडाला नेहमीसारखं भरपूर पाणी द्यायचं, अर्धा ते एक तास थांबायचं, मग वरून थोडं शुद्ध पाणी ओतून तळातून निथळणारं पन्नासेक मिलिलिटर पाणी गोळा करायचं आणि त्याची ईसी आणि सामू बघायचा. व्हर्जिनिया टेकच्या रॉबर्ट राइट यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. यात कुंडी उपटावी लागत नाही, मुळांना धक्का लागत नाही. दोन-तीन आठवडे या नोंदी ठेवून गेलात तर खतांवरच्या सत्रात तुम्ही नुसते श्रोते उरणार नाही.

परिषद कुठल्या प्रकारची आहे हेही बघा, कारण एकाच नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी चालतात. जर्मनीत एसेनला दर जानेवारीत भरणारं आयपीएम हे मुळात व्यापारी प्रदर्शन आहे. रोपं, यंत्रं, कुंड्या, वाणांचे मालक, मोठे खरेदीदार सगळे तिथं असतात, पण रोप कसं वाढवायचं हे शिकायला जायची ती जागा नव्हे. उलट इंटरनॅशनल प्लांट प्रोपगेटर्स सोसायटीसारख्या संस्थेची बैठक अगदी वेगळी असते. १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संस्थेचं ब्रीदच 'शोधा आणि वाटा' असं आहे. कलमं बांधणारी, बी रुजवणारी माणसं आपली पद्धत इतरांसमोर उघड मांडतात आणि ती मांडणी पुढं वार्षिक अहवालात छापली जाते. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं यातलं दुसऱ्या जातीचं संमेलन निवडावं असं मला वाटतं. मोठं प्रदर्शन मग पाहता येतं. काय विकत घ्यायचं हे ठरल्यानंतर ते जास्त उपयोगी पडतं.

आता व्याख्यानांबद्दल. वक्ता आकडा सांगतो तेव्हा तो आकडा कोणत्या परिस्थितीतला आहे हे विचारायची सवय लावून घ्या. कुंडीची उंची किती, माध्यम काय, तापमान काय, पाणी कसं? एका परिषदेत मी पाहिलेलं एक प्रात्यक्षिक हे नेमकं दाखवतं. वक्त्यानं भांडी घासायचा लांबट स्पंज पाण्यात पूर्ण भिजवला आणि तळहातावर आडवा धरला. काही वेळ पाणी टपकलं, मग थांबलं. स्पंज निथळला असं सगळ्यांना वाटलं. मग त्यानं तोच स्पंज तसाच, न पिळता, उभा केला आणि त्यातून पुन्हा पाण्याची धार लागली. स्पंज तोच, त्यातली छिद्रंही तीच, फक्त उंची वाढली होती. कुंडीतही हेच घडतं. पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक पूर्ण ओला थर राहतो आणि त्याची उंची माध्यमावर ठरते, कुंडीवर नाही. समजा एखाद्या माध्यमात तो थर ३ सेंटिमीटरचा राहतो. ३० सेंटिमीटर उंच कुंडीत तो दहावा हिस्सा झाला, ५ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये मात्र निम्म्याहून जास्त जागा पाण्यानं भरलेली राहिली आणि मुळांना हवा उरली नाही. म्हणून उंच कुंड्यांत झाडं वाढवणाऱ्यानं सांगितलेलं माध्यम आणि पाण्याचं वेळापत्रक जसंच्या तसं ट्रेला लावलं की रोपं कुजतात. कुंडीच्या तळाला खडीचा थर दिला की निचरा सुधारतो हा समजही याच कारणानं चुकीचा आहे. ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा उलट कमी होते.

खतांचंही तसंच. हळूहळू सुटणाऱ्या खताच्या पोत्यावर 'आठ ते नऊ महिने' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते एका ठरावीक सरासरी तापमानासाठी असतं. काही उत्पादक ते २१ अंश सेल्सिअस धरतात, काही २५. दाण्यावरच्या आवरणातून खत बाहेर पडण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो. उन्हात ठेवलेल्या काळ्या कुंडीची ऊन खाणारी बाजू ५० अंशांच्याही वर जाऊ शकते. अशा कुंडीत ते खत पोत्यावरच्या मुदतीच्या कितीतरी आधी संपतं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत क्षार इतके साठू शकतात की मुळांची टोकं करपतात. प्रश्नोत्तरांच्या वेळी 'तुमच्या कुंडीतलं तापमान दुपारी किती असतं?' एवढंच विचारा. वक्ता जाणता असेल तर त्याच्या उत्तरातून मूळ व्याख्यानाहून जास्त मिळतं.

सगळी सत्रं ऐकायचा हट्ट धरू नका. दिवसाला तीन पुरेत. उरलेला वेळ माणसांना द्या.

परिषदेला जोडून जवळपासच्या नर्सऱ्यांची सहल असेल तर ती चुकवू नका. बाकी सगळं सोडावं लागलं तरी चालेल. व्यासपीठावरून माणूस आपलं उत्तम तेवढंच दाखवतो. नर्सरीत मात्र गळलेली पानं, शेवाळलेले ट्रे, एका कोपऱ्यात सरकवलेली न विकली गेलेली झाडं सगळं डोळ्यांसमोर असतं. मी तिथं पोचलो की आधी पाण्याचा माग काढतो. पाणी येतं कुठून, गाळलं कसं जातं, खत कुठं मिसळलं जातं आणि निथळलेलं पाणी जातं कुठं? निथळलेलं पाणी तळ्यात घेऊन पुन्हा वापरत असतील तर ते निर्जंतुक कसं करतात हे विचारा, कारण पायथियम आणि फायटोप्थोरा ही मुळं कुजवणारी मंडळी त्याच वाटेनं एका बेडवरून सगळ्या नर्सरीत पोचतात.

मग मालकाची परवानगी घेऊन एखादं रोप कुंडीतून बाहेर काढून बघा. एक हात मातीवर पसरून खोड बोटांच्या बेचक्यात घ्यायचं, कुंडी उलटी करायची आणि काठ हलकेच आपटायचा. हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, अखंड बाहेर आली पाहिजे. मुळांची टोकं पांढरी, भरीव दिसतात का? तळाची मुळं तपकिरी झाली आहेत का, आणि बोटांत धरून ओढल्यावर साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो का? तसं असेल तर तळाला पाणी साठतं. मुळं फक्त कुंडीच्या भिंतीला लागून आहेत आणि मधलं माध्यम रिकामं आहे का? म्हणजे माध्यमाचा गाभा एकतर फार ओला राहतो किंवा एकदा सुकल्यावर पुन्हा भिजत नाही. आणि मुळं गोल फिरली आहेत का? झाडांच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण लहान पिशवीत एकदा फिरलेलं मूळ जमिनीत लावल्यावरही तसंच जाड होत जातं आणि काही वर्षांनी खोडाला फास बसतो किंवा झाड वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. गिऱ्हाईक तोवर नर्सरीचं नाव विसरलेलं नसतं. बाजूला आणि तळाला फटी असलेल्या ट्रेमध्ये मूळ हवेला भिडून सुकतं आणि मागून नव्या मुळ्या फुटतात. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि एकाच जातीची, एकाच वयाची दोन रोपं, एक पिशवीतलं आणि एक अशा ट्रेमधलं, शेजारी धरून पाहणं वेगळं. ज्या नर्सरीचा मालक 'हवी ती कुंडी उपटून बघा' म्हणतो, तिथं मी जास्त वेळ थांबतो.

सहलीवर मला सगळ्यांत जास्त चीड येते ती दुसऱ्याच्या बेडवरून चोरून छाट तोडून खिशात टाकणाऱ्यांची. ती चोरी आहेच, आणि धोकाही आहे. फायटोप्थोरा रॅमोरममुळे होणाऱ्या रोगाचं उदाहरण घ्या. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या नर्सरीतली रोगट कॅमेलियाची रोपं अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पोचल्याचं उघड झालं. जंगलात ओक वृक्षांचा जीव घेणारा हा रोग शोभेच्या झाडांवर पानांवरच्या साध्या डागांसारखा दिसतो. इटलीच्या दक्षिणेकडच्या अपुलिया भागात २०१३ मध्ये ऑलिव्हवर सापडलेला झायलेला हा जिवाणू मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपांबरोबर पोचला असावा, असं जनुकीय अभ्यासावरून मानलं जातं. तिथल्या जुन्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. आपल्या खिशातल्या हिरव्या काडीवर काय बसलं आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एका देशातून दुसऱ्या देशात रोप, छाट किंवा माती नेण्याचे नियम १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारावर उभे आहेत. साहित्य हवंच असेल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, आयात परवाना आणि विलगीकरण ही रीतसर वाट धरा. सहलीला धुता येतील असे बूट घाला. एका नर्सरीतून दुसरीत जाताना तळव्याची माती ब्रशनं आधी पूर्ण काढा आणि मगच निर्जंतुकाचा फवारा मारा, कारण चिखलाच्या थरावर निर्जंतुक काम करत नाही. परत आल्यावर तेच बूट घालून स्वतःच्या मिस्ट घरात शिरू नका.

प्रदर्शनाच्या दालनात नव्या वाणांची भुरळ पडते. पडावी, त्यातच या धंद्याची मजा आहे. पण ऑर्डर देण्याआधी वाण संरक्षित आहे का, हे विचारा. वाणांच्या हक्कांचा यूपॉव करार १९६१ चा आहे. त्याच्या १९९१ च्या सुधारित मसुद्यानुसार हे संरक्षण कमीत कमी २० वर्षं, तर वृक्ष आणि वेलींसाठी २५ वर्षं मिळतं. व्यवहारात याचा अर्थ असा की तुम्ही शंभर रोपं विकत घेतलीत म्हणून त्यांच्यापासून छाट कलमं करून विकायचा हक्क मिळत नाही. परवाना मिळतो का, रोपामागे किती स्वामित्व शुल्क, लेबल त्यांच्याकडूनच घ्यावं लागतं का, की तयार छोटी रोपंच दरवेळी विकत घ्यावी लागतात, हे लिहून घ्या. आणि तो वाण तुमच्यासारख्या हवामानात दोन हंगाम उभा असलेला कुठं पाहायला मिळेल, हेही. दालनातलं रोप हरितगृहातून थेट आलेलं असतं आणि बऱ्याचदा वाढ रोखणारं रसायन देऊन आटोपशीर ठेवलेलं असतं. जमिनीत ते कसं वागेल हे त्यावरून समजत नाही.

यंत्र विकणाऱ्याला एकच गोष्ट विचारा: हे यंत्र निदान तीन वर्षं वापरणारा, माझ्याएवढ्या आकाराचा नर्सरीवाला कोण, आणि त्याच्याशी मला बोलता येईल का? सुटे भाग किती दिवसांत मिळतात हे त्या वापरणाऱ्याकडूनच कळतं.

कोणाला न्यायचं, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. दोन जणांचा खर्च झेपत असेल तर दुसरी जागा तुमच्या कलमघराच्या प्रमुखाला किंवा रोज पाणी देणाऱ्या माणसाला द्या. नर्सरीतली निम्मी झाडं पाण्याच्या नळीशी उभ्या असलेल्या माणसाच्या निर्णयावर जगतात, आणि परिषदांना जवळजवळ कधीच तो माणूस दिसत नाही. त्याला दुसऱ्या नर्सरीतल्या त्याच कामाच्या माणसाशी बोलू द्या. मालकांच्या गप्पा बाजारावर जातात. ही दोघं बोलतात तेव्हा नळीच्या झारीची छिद्रं, सकाळची वेळ, कुंडी उचलून वजनावरून ओल ओळखणं असं बोलणं निघतं, आणि ते दुसऱ्या दिवसापासून वापरता येतं. एकाच माणसाचा खर्च झेपत असेल आणि तुमची अडचण विक्रीची नसून रोपांची असेल, तर तुम्ही थांबा आणि त्याला पाठवा.

माणसं कशी गाठायची? जेवणाच्या रांगेत ओळख काढून 'आमच्याकडे छाट कलमं मिस्टमधून काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात पानं टाकतात, तुम्ही त्या वेळी काय करता?' असं नेमकं विचारा. उगाच इकडचं तिकडचं बोलण्यापेक्षा नर्सरीच्या माणसाला असा प्रश्न आवडतो आणि तो खुलतो. फोनमध्ये फोटो घेऊन जा, पण नीट काढलेले: पूर्ण रोप, पानाची वरची आणि खालची बाजू, उघडी केलेली मुळं, आणि निरोगी व आजारी रोप एकाच चौकटीत. पिवळ्या पानाच्या एकट्या फोटोवरून कोणीही काही सांगू शकत नाही. तुमच्याकडे जे चांगलं जमतं तेही मोकळेपणानं सांगा. हातचं राखून बोलणाऱ्याला या वर्तुळात फार काळ कोणी काही सांगत नाही.

काही वेळा न गेलेलंच बरं. परिषद तुमच्या कलमांच्या किंवा विक्रीच्या ऐन हंगामात असेल आणि मागं सांभाळणारं कोणी नसेल, तर ते वर्ष सोडा. नुकसानीचं कारण तुम्हाला आधीच माहीत असेल, पाणी गाळायची व्यवस्था बंद पडली आहे किंवा मातृवृक्षच म्हातारे आणि विषाणूग्रस्त झाले आहेत, तर तो पैसा आधी तिथं लावा.

परत आल्यावर एकाच आठवड्यात सगळं बदलायची ऊर्मी येते. ती आवरा. एकच बदल निवडा आणि त्याची चाचणी घ्या. एकाच दिवशी, एकाच मातृवृक्षावरून घेतलेल्या छाटांचे दोन भाग करा. अर्धे जुन्या माध्यमात, अर्धे नव्यात. दोन्हींचे ट्रे बेडवर आलटून पालटून ठेवा. सगळे नवे ट्रे कडेला आणि सगळे जुने मध्ये ठेवलेत तर निकाल माध्यमाचा न राहता जागेचा होईल, कारण कडेचे ट्रे लवकर सुकतात. मुळं फुटलेल्या कलमांची मोजणी ठरलेल्या दिवशी करा, आणि पाणी घालणाऱ्याला कुठला ट्रे कुठला हे सांगू नका, नाहीतर नव्याची काळजी नकळत जास्त घेतली जाते. हंगाम बदलल्यावर हीच चाचणी पुन्हा करा, मगच सगळ्या नर्सरीत बदल न्या.

ज्याच्याकडून ही कल्पना घेतलीत त्याला चाचणीचे आकडे कळवा, जमलं नसेल तर विशेषकरून कळवा. तुमच्या पाण्यावर, तुमच्या तापमानात ती पद्धत कुठं अडली ही माहिती त्याच्याकडेही नसते. पुढच्या परिषदेत छोट्या चाचण्यांच्या मांडणीसाठी जागा मागवतात, तिथं हाच तक्ता पोस्टरवर लावता येतो. अर्ज बहुधा काही महिने आधी मागवतात, तेव्हा मोजणीच्या तारखा त्या हिशेबानं आताच वहीत लिहून ठेवा.